उजेड कोणाच्या चेहऱ्यासाठी?

काही दिवस शाळांच्या दिनदर्शिकेत इतके रुळून जातात, की त्यांच्या मुळाशी काय घडले होते हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. २१ मार्च हा त्यांपैकी एक. १९६० साली या दिवशी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल या वस्तीतले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष पोलीस ठाण्यासमोर जमले. जवळ बाळगल्याखेरीज आपल्याच देशात हिंडता-फिरता येऊ नये अशी जी परवाना-पुस्तिका सरकारने त्यांच्यावर लादली होती, ती मुद्दाम घरी ठेवून ‘आम्हांला अटक करा’ असे सांगायला ते आले होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अधिकृत आकड्याप्रमाणे ६९ माणसे मेली. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस वंशभेद-निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला, आणि पुढे अनेक देशांतील शाळांत तो भित्तिपत्रके, भाषणे आणि प्रतिज्ञा यांनी साजरा होऊ लागला.

कॅनडाने त्यात एक वेगळी गोष्ट आणली. तेथील केंद्र सरकारच्या वारसा खात्याने १९९६ पासून २१ मार्चच्या निमित्ताने १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी चित्रफितींची राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यास आरंभ केला. मुलांनी गट करावेत, वंशभेदाविरुद्धचे आपले म्हणणे सुमारे एका मिनिटात चित्रित करावे, आणि उत्तम ठरलेल्या चित्रफिती दूरचित्रवाणीवरून देशाने पाहाव्यात, अशी ती योजना. योजना चांगली होती यात शंका नाही. निबंधस्पर्धेत एकट्याने बसून घोटीव वाक्ये उतरवणारा विद्यार्थी येथे चार सोबत्यांशी वाद घालतो, उन्हात उभा राहतो, दुसऱ्याचे ऐकतो. पण आम्ही जो प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो तो या चांगुलपणाने सुटत नाही. वंशभेद हे फार मोठ्या प्रमाणावर पाहण्यातले पाप आहे. समोरचा माणूस तोंड उघडण्याआधीच, नुसत्या नजरेने, तो कोण हे आपण ठरवून मोकळे होतो. मग पाहण्याचेच यंत्र मुलाच्या हाती दिल्याने त्याची नजर निवळेल काय? की त्याच्या आहे त्याच नजरेला एक अधिक धारदार साधन मिळेल?

हा संशय आम्ही उगाच काढलेला नाही. शार्पव्हिलच्या त्या परवाना-पुस्तिकेत धारकाचे छायाचित्र असे. १९७० साली अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीयांच्या ध्यानात आले, की आपल्या कंपनीची झटपट छायाचित्र काढून देणारी यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत याच परवान्यांसाठी वापरली जात आहे. त्यांनी बहिष्काराची चळवळ उभी केली. त्यापायी हंटर यांना नोकरीला मुकावे लागले. आणि अखेर १९७७ साली कंपनीने त्या देशातून काढता पाय घेतला. आज २१ मार्चला ज्या यंत्राच्या साहाय्याने मुले वंशभेदाचा निषेध करतात, त्या यंत्राने एके काळी त्याच वंशभेदाची कारकुनी केलेली आहे. तेव्हा कॅमेरा हाती आला म्हणजे न्यायबुद्धीही आली, असे समजण्याचे कारण नाही.

एका मिनिटाच्या बोधपर चित्रफितीचाच विचार करू. साठ सेकंदांत अन्याय दाखवायचा, दुःख दाखवायचे आणि हृदयपरिवर्तनही घडवून आणायचे, म्हणजे कोणाला तरी खलनायक व्हावे लागणार आणि कोणाला तरी बळी. आता वर्गात भूमिकांची वाटणी होते. वर्गातला कृष्णवर्णीय मुलगा, किंवा नुकतीच सोमालियाहून आलेली मुलगी, यांच्या वाट्याला काय येईल हे सांगायला नको. त्याला पुन्हा एकदा ढकलायचे, त्याची पुस्तके पुन्हा एकदा जिन्यावर विखुरायची. आणि दृश्य मनासारखे आले नाही तर तिसऱ्यांदा. जे त्याने एरवी खरोखर सोसले ते आता त्याने शाळेच्या कीर्तीसाठी अभिनयाने सोसावे, अशी ही मागणी असते, आणि तो बिचारा नाहीही म्हणू शकत नाही, कारण सारे जण किती आपुलकीने वागत असतात! उलट खलनायक झालेला गोरा मुलगा घरी जाताना एक मोठा दिलासा घेऊन जातो. वंशद्वेष्टा हा असा आरडाओरडा करणारा, दात-ओठ खाणारा प्राणी असतो. आपण तर कधी कोणाला ढकललेले नाही. म्हणजे आपण तो नव्हे. चित्रफीत संपते तेव्हा दोघेही जेथे होते तेथेच असतात. शाळेला ढाल मिळते. अशा सर्वच चित्रफिती पोकळ असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु आधीच ठाऊक असलेले उत्तर मागणारी स्पर्धा मुलांकडून तेच उत्तर घेऊन जाते, हे कोणत्याही शिक्षकाला मान्य होईल.

मग या उद्योगात शिकण्यासारखे काही आहे की नाही? आहे, असे आमचे मत आहे. पण ते चित्रफितीच्या संदेशात नाही. ते आहे ती करताना पडणाऱ्या बारीकसारीक पेचांत. त्यांतला एक पेच उजेडाचा.

रंगीत फिल्मच्या जमान्यात छायाचित्रकारांना एक अडचण नेहमी येई. वर्गाचे सामुदायिक छायाचित्र काढले की गोऱ्या मुलांचे चेहरे स्वच्छ उमटत, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या कृष्णवर्णीय मुलाचे मात्र डोळे आणि दात तेवढे दिसत. बाकी चेहरा अंधारात बुडून जाई. यात त्या मुलाच्या चेहऱ्याचा काही दोष नव्हता. कोडॅक कंपनी छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पुरवत असे. त्यात एक गौरवर्णीय तरुणी बसलेली असे. अशा पहिल्या तरुणीच्या नावावरून त्या छायाचित्राला ‘शर्ली कार्ड’ हे नाव पडले. पन्नाशीच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे शर्लीची कातडी नीट उमटली म्हणजे रंग नीट उमटले, असा हिशेब होता. मॉंट्रियल येथील प्राध्यापिका लोर्ना रॉथ यांनी या प्रकरणाचा शोध घेऊन २००९ साली त्यावर लिहिले. त्यांना कोडॅकच्या जुन्या जाणकारांकडून जे कळले ते मोठे मासलेवाईक आहे. फिल्ममध्ये गडद रंगांच्या छटा अधिक स्पष्ट याव्यात म्हणून कंपनीवर दडपण आले ते मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांकडून. आपल्या मालातील तपकिरी छटांमधला फरक जाहिरातीत दिसत नाही अशी त्यांची तक्रार होती. शिसवी कपाटासाठी जे झाले ते आईच्या मांडीवरल्या काळ्या बाळासाठी होऊ शकले नव्हते.

आजच्या कॅमेऱ्यांत फिल्म नाही आणि बरीच सुधारणा झाली आहे. तरी २०२१ साली गूगलला आपल्या फोनचा कॅमेरा गडद वर्णाचे चेहरे अधिक नीट टिपतो हे जाहिरात करून सांगावेसे वाटले, याचा अर्थ उघड आहे. आता एखाद्या शाळेत दोन मैत्रिणी खिडकीपाशी बसून बोलत आहेत, एक गोरी आणि एक काळी, असे साधे दृश्य चौदा वर्षांचा मुलगा टिपू पाहतो असे समजा. उजेड पहिलीसाठी बेतला तर दुसरी हरवते. दुसरीसाठी बेतला तर पहिली पांढरीफटक पडते. यंत्र आपल्या मनाने जे ठरवते ते पुष्कळदा पहिलीच्या बाजूचे असते. मुलाला काही तरी करावे लागते. दुसरीला खिडकीकडे सरकवावे लागते, भिंतीजवळ एखादा पांढरा पुठ्ठा धरून उजेड तिच्याकडे परतवावा लागतो, शिक्षकांना विचारावे लागते. या अर्ध्या तासात त्याला जे उमगते ते कोणत्याही प्रतिज्ञेत बसवता येत नाही: कोणी काही वाईट केले नाही, कोणाच्या मनात द्वेष नाही, आणि तरीही मांडणीच अशी आहे, की आपण नुसते स्वस्थ बसलो तर एक जण दिसेल आणि दुसरा दिसणार नाही. समाजात मुरलेला वंशभेद म्हणजे काय, हे समजावताना मोठमोठ्या ग्रंथकारांची दमछाक होते. येथे तो पुठ्ठा हातात धरून समजतो.

वंशभेदाचा धडा मुलांना अनुभवातूनच द्यावा हा विचार अर्थात जुना आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातील राइसव्हिल या गावी जेन इलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग पाडले. एका दिवशी निळ्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ, दुसऱ्या दिवशी तपकिरी डोळ्यांची. वर्गातली सारी मुले गोरी होती. ‘हलकी’ ठरवलेली मुले काही तासांत खरोखरच खचली, आणि ‘श्रेष्ठ’ ठरलेली निष्ठुर झाली. १९७० साली अमेरिकन दूरचित्रवाणीने हा प्रयोग चित्रित केला आणि तो जगभर गाजला. त्या बाईंच्या धैर्याबद्दल आम्हांला आदर आहे. पण त्या वर्गात कॅमेरा बाहेरच्या मोठ्या माणसांच्या हाती होता. मुले त्याच्या समोर होती. त्यांना काय भोगायचे हे दुसऱ्याने ठरवले आणि त्यांचे रडणे दुसऱ्याने टिपले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून आम्ही न्यू यॉर्कच्या किरी डेव्हिस या शाळकरी कृष्णवर्णीय मुलीने २००५ साली केलेला लघुपट घेतो. ‘अ गर्ल लाइक मी’ हे त्याचे नाव. ब्रुकलिनमधील एका संस्थेत कुमारवयीन मुलांना चित्रपटकला शिकवली जाते, तेथे तिने तो केला. लांबी जेमतेम सात मिनिटे. आरंभी तिच्याच वयाच्या मुली कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या केसांविषयी आणि वर्णाविषयी बोलतात. त्यात कोणी खलनायक नाही. कोणी कोणाला जिन्यावरून ढकलत नाही. केस सरळ करून घ्यावेत असे घरातल्या कोणाला वाटते, उजळ मुलीला सुंदर म्हटले जाते, अशा घरगुती गोष्टी.

पुढे किरी एक जुना प्रयोग पुन्हा करते. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने चाळीसच्या दशकात लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या होत्या. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे ते क्रमाने विचारीत. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या एका तळटीपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. (गोऱ्यांबरोबर एकत्र शिकणाऱ्या उत्तरेकडील मुलांत गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेकडील मुलांपेक्षा थोडी अधिकच दिसली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. नुसते एका बाकावर बसवल्याने सारे साधते असे मानणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे.) त्या निकालानंतर पन्नास वर्षांनी किरीने हार्लेममधील बालवाडीच्या २१ मुलांना तेच प्रश्न विचारले. १५ मुलांनी गोरी बाहुली पसंत केली.

लघुपटात एक क्षण आहे. एका चिमुरडीने नुकतीच काळी बाहुली वाईट म्हणून दाखवलेली असते. आता तिला विचारले जाते, तुझ्यासारखी दिसणारी कोणती? तिचा हात क्षणभर गोऱ्या बाहुलीकडे जातो, थबकतो. मग ती काळी बाहुली पुढे सरकवते. एवढेच. वर काही भाष्य नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पलीकडे नसलेल्या एका मुलीने हे दृश्य घाईने कापले नाही, त्यावर करुण वाद्ये वाजवली नाहीत, ही आमच्या मते या शिक्षणाची परीक्षा. आणि ती त्यात उतरली. तिच्या वयाच्या मुलीला दोषी माणूस शोधून त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. तिने जखम दाखवली, आणि तीही आपल्याच लोकांच्या अंगावरची.

परंतु येथे एक काटा आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या चिमुरडीला कोणी विचारले होते? चार-पाच वर्षांच्या मुलीला बाहुल्यांपुढे बसवून तिच्या मनातला तिलाच न कळणारा कमीपणा बाहेर काढायचा, आणि तो जगाला दाखवायचा, हे न्याय्य आहे काय? क्लार्क यांच्या मूळ प्रयोगातही काही मुले तो शेवटचा प्रश्न ऐकून रडली होती, खोलीतून निघून गेली होती, आणि खुद्द क्लार्क यांना त्याचा त्रास झाला होता. त्यांच्या कागदांत निदान ती मुले अनाम आकडे बनून राहिली; पडद्यावरच्या मुलीला तो आडोसा नाही. ती आता मोठी झाली असेल, आणि तिचा तो थबकलेला हात आजही वर्गावर्गांतून दाखवला जातो. सत्य बाहेर आले हे खरे. त्याची किंमत जिने दिली तिने ती जाणून दिली नाही हेही खरे. आम्हांला विचाराल तर हा लघुपट झाला ते बरे झाले, कारण प्रश्न विचारणारी त्याच मुलींमधली थोरली बहीण शोभावी अशी होती, तमाशा पाहायला आलेली परकी नव्हती. पण म्हणून देणे फिटत नाही. ज्याचे चित्रण झाले त्याला ते आधी दाखवावे, त्याचा नकार मानावा, आणि लहान मुलाच्या बाबतीत त्याच्या आई-बापांना समोर बसवून सारे समजावून सांगावे, हा नियम शाळांनी कॅमेरा विकत घेण्याआधी करावा. आता तर कॅमेरा विकतही घ्यावा लागत नाही. तो खिशात असतो, आणि दुपारी टिपलेले संध्याकाळी परगावी पोहोचलेले असते.

या नियमाला एक जुना आधार आहे. १९६६ च्या उन्हाळ्यात सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन अमेरिकन अभ्यासक ॲरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथे गेले. नव्हाओ या आदिवासी जमातीतील काही जणांना चित्रपट करायला शिकवावे आणि ते जगाकडे कसे पाहतात ते त्यांच्याच डोळ्यांनी पाहावे, असा त्यांचा बेत होता. गावातील वृद्ध वैदू सॅम याझी यांच्या संमतीसाठी ते गेले. त्या वृद्धाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, याने मेंढ्यांचे काही वाईट होईल काय? नाही, असे उत्तर मिळाले. मग मेंढ्यांचे काही भले होईल काय? तेही नाही, असे सांगावे लागले. तर मग हे करायचे कशासाठी, असा त्यांचा तिसरा प्रश्न होता. आमच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक शाळेच्या चित्रपट मंडळाने आरंभी या प्रश्नाला तोंड द्यावे. तेथे काम झाले, आणि तयार झालेले चित्रपट पाइन स्प्रिंग्जच्या लोकांना दाखवण्यात आले. सूझी बेनाली या तरुणीने आपल्या विणकर आईवर चित्रपट केला. बाहेरचा कोणी असता तर त्याने मागावरचे रंगीत नक्षीकाम आणि सुरकुतलेला चेहरा अगदी जवळून टिपला असता. सूझीच्या चित्रपटात आई पुष्कळ वेळ नुसती चालत असते: मेंढ्यांकडे, रंगासाठी लागणाऱ्या मुळ्या शोधायला, लोकर धुवायला. विणणे त्या मानाने थोडे. चेहऱ्याच्या अगदी जवळ कॅमेरा नेणे तर ती टाळते. दुसऱ्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे तिच्या समाजात शिष्टाचाराला धरून नसते. आपल्याला जी कला वाटते ती त्यांच्या लेखी बरीचशी चालण्यात आहे, हे कोणत्या व्याख्यानाने कळले असते?

आता आपल्या घराकडे वळू, कारण बाहुलीची गोष्ट ऐकून मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलाला सावळा म्हणताना आपला कंठ दाटून येतो; सून सावळी आहे हे सांगताना आवाज खाली येतो आणि पाठोपाठ एक ‘पण’ येतो. वधू-वरांच्या जाहिरातींतून रंग अद्याप गेलेला नाही, आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या जाहिरातीही त्यातून सुटलेल्या नाहीत. गोरेपणाचे वचन देणारे एक मलम १९७५ पासून घरोघरी विकले गेले. २०२० साली त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढला गेला, मलम राहिले. आणि नालासोपारा-वसईच्या पट्ट्यात आफ्रिकेतून आलेली कुटुंबे राहतात, तेव्हा शार्पव्हिल आणि हार्लेम आपल्यापासून वाटतात तितके दूर नाहीत. त्यांना खोली भाड्याने देताना काय बोलले जाते, विरार गाडीत त्यांच्याकडे कोण कसे पाहते, हे त्या भागातील मुले रोज ऐकतात आणि पाहतात.

अशा एखाद्या शाळेने नववीच्या मुलांना लघुपट करायला सांगितला, तर कॅमेरा बहुधा त्या उंच, काळ्या, परक्या माणसाच्या मागे लागेल. मुलांना तेच चित्रपटाचे ‘कथानक’ वाटेल. तेथे शिक्षकाने थांबवावे आणि कॅमेरा वळवायला सांगावे. भाजीवाल्याच्या बाजूने उभे राहून गिऱ्हाइकांचे चेहरे टिपा. फलाटावर त्याच्याकडे पाहणारे टिपा. आपल्याच मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावरून अर्धा तास काही न हलवता कॅमेरा ठेवा आणि डबा कोण कोणाबरोबर खातो ते पाहा. असा लघुपट शाळेला सुखाचा होणार नाही. त्याला ढाल मिळणार नाही, कदाचित पालकसभेत दाखवताही येणार नाही, आणि मुख्याध्यापकांना तो सोसावा लागेल. वर्गात त्या कुटुंबांपैकी एखादे मूल असेल तर त्याला कोणतीही भूमिका देऊ नये. पहिला आठवडा कॅमेरा त्याच्या हाती द्यावा आणि काय टिपायचे ते सांगू नये. तो कदाचित द्वेष वगैरे काही टिपणार नाही. सकाळी हजेरी घेताना त्याच्या आधीच्या नावापर्यंत बाईंचा आवाज कसा सरळ येतो, आणि त्याच्या नावापाशी येऊन कसा अडखळतो, तेवढेच तो घेऊन येईल.